कापसाच्या जमिनीत माशांचे पीक

शेतात धान्य पिकवावे तसे पाण्यात मासे पिकवावेत, ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात माशांच्या जातींचे आणि त्यांना खाद्य घालून पोसण्याचे वर्णन आले आहे. परंतु तो राजाचा विनोद होता. सामान्य शेतकऱ्याने आपल्या बांधालगत लहानसे तळे खोदावे, मोजून पिले सोडावीत, मोजून खाद्य घालावे आणि वर्षा-दीड वर्षाने घरच्या ताटात मासा आणावा, हा व्यवहार वेगळा. त्याचे शास्त्र कसे घडले आणि ते पुढे कोणाच्या हाती गेले, याची एक बोधप्रद कथा अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा व मिसिसिपी या राज्यांत सापडते.

या कथेचा नायक आहे कॅटफिश. मांजरासारख्या लांब मिशा असल्यामुळे त्याला हे नाव पडले. आपल्या किनाऱ्यावरचा शिंगाळा आणि गोड्या पाण्यातला मांगूर हे त्याचेच दूरचे भाऊबंद. अंगावर खवले नाहीत, कातडी गुळगुळीत, कल्ल्यामागे टोचणारे काटे. त्याच्या मिशा केवळ शोभेच्या नाहीत. गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात अन्न चाचपून ओळखण्याचे ते साधन आहे. चवीचे ज्ञान तर त्याला सर्वांगाच्या कातडीतून होते. मिसिसिपीच्या खोऱ्यात हा मासा नदीनाल्यांतून मुबलक मिळे. गळ टाकून धरावा, मक्याच्या पिठात घोळवून तळावा, हे तिकडच्या गरिबाचे सुग्रास भोजन. तळाशी चिखलात चरणारा मासा म्हणून प्रतिष्ठित लोक मात्र त्याला नाक मुरडीत.

ही भूमी कापसाची. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधल्या सपाट, काळ्या पट्ट्याला तिकडे ‘डेल्टा’ म्हणतात. नाव असे असले तरी हा प्रदेश नदीच्या मुखाशी नाही, आत खूप दूर आहे. येथे आधी गुलामांनी आणि १८६५ नंतर त्यांच्याच वंशजांनी वाटेकरी कुळे म्हणून कापूस वेचला. जमीन मालकाची, घाम कुळाचा आणि हिशेबाची वही पुन्हा मालकाची, अशी ती पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस वेचणारी यंत्रे आली. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन शिकागोसारख्या शहरांकडे गेली. मागे उरली ती मोठी शेते आणि कापसाचा डळमळता भाव.

तत्पूर्वीच, १९३०च्या दशकात, शेजारच्या अलाबामा राज्यातील ऑबर्न येथील कृषिविद्यालयात होमर स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाचे लक्ष शेतातल्या तळ्यांकडे गेले होते. पाऊस वाहून जाऊ नये, मातीची धूप थांबावी आणि गुरांना पाणी मिळावे म्हणून त्या काळी गावोगाव तळी खोदली जात होती. या पाण्यात कुटुंबाला पुरेल इतका मासा का होऊ नये, असा साधा प्रश्न त्याने घेतला. त्यासाठी त्याने तळ्यांमागून तळी भरली, रिकामी केली आणि आतला मासा तोलून पाहिला. तळे म्हणजे शेतच. त्यालाही खत लागते, आणि त्यालाही पेलेल इतकेच पीक घेता येते, हे त्याने दाखवून दिले. खताने पाण्यात सूक्ष्म हिरवी वनस्पती वाढते, तिच्यावर बारीक जीव पोसतात, त्यांच्यावर लहान मासा आणि लहान माशावर मोठा. ही साखळी समतोल राहिली तरच तळे फळते. पुढे १९५०च्या दशकात ऑबर्नच्या संशोधकांनी कॅटफिशला वरून तयार खाद्य घालून वाढवण्याचे प्रयोग हाती घेतले.

या संशोधनातून जे लहान तळ्याचे शास्त्र तयार झाले ते ऐकायला सोपे आहे. तळे शक्यतो चिकणमातीच्या जमिनीत असावे, म्हणजे पाणी झिरपत नाही. खोली चार ते आठ फूट पुरे. सहा ते आठ इंच लांबीची पिले सोडावीत. याहून लहान पिले तळ्यात आधीपासून असलेल्या शिकारी माशांच्या तोंडी पडतात. वरून खाद्य द्यायचे नसेल तर एकरी, म्हणजे चाळीस गुंठ्यांच्या पाण्याला, शंभर ते दीडशे पिले बस्स होतात. रोज खाद्य दिले तर हीच संख्या हजारापर्यंत नेता येते. यापुढे जायचे तर पाण्यात हवा खेळवणारे यंत्र हवे.

खाद्य घालण्यातही विवेक लागतो. मासे पंधरावीस मिनिटांत संपवतील एवढेच घालावे. उरलेले कुजते आणि मासा वाढवण्याऐवजी त्याला मारते. पाणी कोमट असले की कॅटफिश अधाशासारखा खातो. थंडीत पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते, तेव्हा हात आखडावा. पाण्यावर तरंगणाऱ्या खाद्याच्या गोळ्या निघाल्यावर तर शेतकऱ्याला एक नवी दृष्टीच मिळाली. एरवी डोळ्याआड असणारे हे जनावर आता रोज एकदा वर येऊन आपली तब्येत दाखवू लागले. ज्या दिवशी मासे खाद्याला वर येत नाहीत त्या दिवशी तळ्यात काहीतरी बिनसले आहे, असे खुशाल समजावे.

कॅटफिशची वीण हा तर नवलाचाच विषय. वसंत सरून पाणी उबदार झाले की नर एखादी कपार किंवा पोकळ ओंडका शोधतो. तळ्यात कपार कोठली? म्हणून शेतकऱ्यांनी दुधाचे जुने कॅन पाण्यात आडवे ठेवले, आणि माशांनी ती घरे आनंदाने पत्करली. मादी पिवळसर, चिकट अंड्यांचा पुंजका घालते. नर तिला हाकलून देतो आणि स्वतः पहाऱ्यावर बसतो. शेपटीने, पंखांनी वारा घालावा तसे पाणी हलवीत तो अंडी ताजी ठेवतो. सुमारे आठवडाभरात पिले बाहेर पडतात. पुढे उबवणी केंद्रे निघाली तेव्हा हे पुंजके उचलून वाहत्या पाण्याच्या कुंडांत टांगू लागले आणि त्यांच्याजवळ हळूहळू फिरणारी पाती बसवली. त्या पात्यांचे काम एकच: बापाच्या शेपटीची नक्कल करणे!

घरच्या ताटासाठी जन्मलेली ही विद्या बाजारात उतरायला वेळ लागला नाही. १९६० मध्ये अलाबामातील ग्रीन्सबरो येथे तिघा भागीदारांनी कॅटफिशचा धंदा सुरू केला. १९६५ मध्ये मिसिसिपीच्या डेल्टात पहिले व्यापारी तळे झाले. कापसाला कंटाळलेल्या जमीनदारांना घरात घबाड सापडावे तसे झाले. ज्या चिकण जमिनीत पाणी तुंबून पीक सडे, तीच जमीन तळ्याला उत्तम. लहान तळ्यांच्या जागी दहा-वीस एकरांची तळी आली आणि एकरी हजार पिलांच्या जागी कित्येक हजार. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २५ जून हा ‘राष्ट्रीय कॅटफिश दिन’ म्हणून जाहीर केला. गरिबाचा चिखलातला मासा शहरातल्या उपाहारगृहांच्या टेबलावर चढला.

पण दाटीने राहणाऱ्या माशांना श्वास कोण पुरवणार? दिवसा उन्हात तळ्यातली हिरवी वनस्पती प्राणवायू सोडते. रात्री ती स्वतःच तो वापरू लागते. मासे श्वास घेतातच, तळाचा गाळही प्राणवायू ओढतो. त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत घातक. त्यातून दोन दिवस आभाळ भरलेले असले, तर एका रात्रीत सारे तळे पांढऱ्या पोटांनी भरून जाते. म्हणून उन्हाळ्यात डेल्टामध्ये रात्रभर माणसे गाडीतून तळ्या-तळ्यावर फिरत, पाण्यात मापक बुडवीत. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आसपास आकडा घसरला की पाणी घुसळणारी चाके चालू करीत. आपल्याकडे शेतकरी मचाणावर जागतो तो डुकरापासून पीक राखायला. तिथला शेतकरी जागे तो हवेसाठी. अजूनही ही जागल बहुतांशी माणसाच्या नाही तर यंत्राच्या डोळ्यांनी चालूच असते.

या भरभराटीत एक जुना प्रश्न मात्र तसाच राहिला. तळी बहुतेक गोऱ्या जमीनदारांची होती, आणि मासा कापण्याच्या कारखान्यांत उभ्या असत त्या बहुतांशी कृष्णवर्णीय बाया; कापूस वेचणाऱ्यांच्याच लेकी-नाती. पायाखाली पाणी, हातात धारदार सुरी, मिनिटागणिक मासे मोजून कापायचे. मजुरी कायद्याने ठरवलेल्या किमान दराहून जेमतेम वर. आणि शौचाला जाण्यावरही बंधन. १९९० मध्ये इंडियनोला या गावातील ‘डेल्टा प्राइड’ या सहकारी कारखान्यातील शेकडो कामगारांनी संप पुकारला आणि तीन महिने तो चालवला. देशभर त्यांच्या बाजूने आवाज उठला. अखेर मजुरी वाढवून घेऊन आणि अपमानाच्या अटी सैल करून घेऊनच ते कामावर परतले. मिसिसिपीच्या इतिहासातील कृष्णवर्णीय कामगारांचा सर्वांत मोठा संप म्हणून त्याची नोंद होते.

स्वतःचे तळे करू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याची वाटही सुकर नव्हती. एड स्कॉट हे दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले शेतकरी. त्यांचे वडील वाटेकरी कुळातून जमीनमालक झालेले. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी स्कॉट यांनी आपल्या भातजमिनीत तळी खोदली. मासे तयार झाले. पण ते कापून बाजारात नेणाऱ्या कारखान्यांची दारे त्यांना बंद होती. तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर ठेवण्याच्या शेडमध्येच १९८३ साली स्वतःचा कारखाना काढला आणि गावच्या बायांना काम दिले. असा कारखाना काढणारे ते अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ मानले जातात. कर्जाच्या कामी मात्र त्यांची कोंडी झाली, आणि पुढे जमीनही हातची गेली. शासकीय शेतकर्जाच्या वाटपात कृष्णवर्णीयांशी पक्षपात झाल्याचा दावा देशभर गाजला. १९९९ मध्ये त्यात तडजोडीचा निवाडा झाला. दीर्घ झगड्यानंतर स्कॉट कुटुंबाला जमीन परत मिळाली. २०१५ मध्ये ते वारले. मासा वाढवणे त्यांना उत्तम येत होते. अडले ते पाण्याबाहेर.

उद्योगालाही पुढे ओहोटी लागली. २००३ मध्ये अमेरिकेतील कारखान्यांनी सुमारे ६६ कोटी पौंड कॅटफिश हाताळला. हा कळस होता. व्हिएतनामच्या मेकाँग नदीकाठचे शेतकरी त्याच गणातला दुसरा मासा फार स्वस्तात वाढवून पाठवू लागले होते. त्याला ‘कॅटफिश’ म्हणायचे नाही, असा कायदा अमेरिकेने २००२ मध्ये केला आणि पुढच्या वर्षी त्यावर जादा जकात बसवली. लोकांनी नाव पाहिले नाही, किंमत पाहिली. त्यात २००८च्या सुमारास मका आणि सोयाबीन महागले, म्हणजे माशांचे खाद्यच महागले. दहा वर्षांत उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. कित्येक तळी सोडून देण्यात आली, बांध मोडून सपाट झाली, आणि त्या जागी पुन्हा सोयाबीन डोलू लागले.

महाराष्ट्रात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतून गावोगाव तळी झाली, आणि साठवलेल्या पाण्यात मासे सोडण्याचा विचार अनेक घरांत होऊ लागला. अशा वेळी ही दूरची कथा जवळची वाटावी. आपल्याकडे कॅटफिशच्या नावाने आलेला आफ्रिकी मांगूर हे उलट टोकाचे उदाहरण आहे. तो वरची हवा गिळून घाण पाण्यातही जगतो, म्हणून लोभी माणसाने त्याला डबक्यांत कोंबले. तो सुटून नद्यांत गेला की देशी मासे फस्त करतो, म्हणून शासनाला त्याच्यावर बंदी घालावी लागली. जो मासा जागरण मागत नाही तोच स्वस्त, हा समज महागात पडला.

स्विंगलने शिकवलेला हिशेब आजही तोच आहे. पाण्याला पेलेल तेवढीच पिले, पिलांना पचेल तेवढेच खाद्य, आणि पहाटेच्या वेळी तळ्याकडे एक फेरी. एवढे पाळले तर गुंठा-दोन गुंठ्यांचे पाणीही घराला मासा देते. पण डेल्टाच्या इतिहासाने या हिशेबात आणखी एक रकाना वाढवून ठेवला आहे. तळ्यात किती मासे झाले हे जसे मोजायचे, तसेच ते कोणाच्या ताटात गेले आणि कापणाऱ्या हातांना काय मिळाले, हेही मोजायचे. पहिला हिशेब पाणी सांगते. दुसरा माणसांनाच मांडावा लागतो.