चुलत्याची फाटकी पाळी

शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून लावली. आजीच्या हिशेबात मी ज्वारीच्या सुगीत, कड्याच्या शिवारात, पालात जन्मले. आत्या बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर. काका मढीच्या वाटेवर. सगळ्यांचे जन्म तिला तोंडपाठ होते. कागद एकाचाही नव्हता. आम्ही फासेपारधी.

जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. त्यासाठी तालुक्याला, आष्टीला मी किती खेपा घातल्या! पालाला सातबारा कुठला? घरात जुनं म्हणावं असं एकच होतं: आजोबांचा तितराचा फास. घोड्याच्या केसांचे पीळ, हाताच्या घामानं काळे पडलेले खुंट. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा त्यात दिसतो, पण अर्जाला तो जोडता येत नाही.

आजी सांगायची, आपली माणसं सीना नदी ओलांडून इंग्रजांच्या मुलखातून निजामाच्या मोगलाईत आली. इंग्रजांकडं पारध्यांना पोलिसांत हजेरी द्यावी लागे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये आणखी कडक झाला. अंगठ्यांचे ठसे घेतले जाऊ लागले, पोरांना आईबापांपासून काढून सुधारशाळेत ठेवायची मुभा सरकारला मिळाली. आजीचा धाकटा चुलता असाच सोलापूरला, या जमातींना कोंडायच्या सेटलमेंटात, तारेच्या आत गेला. सात-आठ वर्षांचा असेल. डाव्या कानाची पाळी फाटलेली. तो परत आला नाही. १९५२ मध्ये कायदा उठला, तेव्हा त्याची आई उरली नव्हती.

ग्वाटेमालातल्या माया पोरांविषयी वाचलं तेव्हा हाच चुलता डोळ्यांपुढं आला. १९६० ते १९९६ च्या यादवीत लष्करानं त्यांची गावं उजाड केली. आईबापांपासून तुटलेली काही पोरं परदेशात दत्तक गेली आणि मोठेपणी गाव, माय, खरं नाव शोधत माघारी आली. मी तर माझ्याच मुलखात शोधते आहे. आम्हाला गुन्हेगार ठरवायचं होतं तेव्हा सरकारनं नावासकट अंगठा घेतला. मी पारधी आहे म्हणते, तर पुरावा आण म्हणतात. चुलत्याचा तो अंगठा कुठल्या तरी वहीत असणार. मला ती वही बघायची आहे.

रंगपंचमीला मढीत कानिफनाथांच्या यात्रेला सगळीकडची भटकी माणसं जमतात. आजी दरसाल सोलापूरकडच्या पालांवर जाऊन चुलत्याविषयी विचारायची. आता मी जाते. गेल्या खेपेला एका म्हातारीनं चुलीवरचा हात थांबवला.

“डावी पाळी?” म्हणाली, आणि बाजूला सरकून तिनं मला बसायला जागा केली.