१९५२ सगळ्यांना पाठ आहे, १९४८ चं काय?

परवा तालुक्याच्या शालेय कुस्त्या बघायला गेलो होतो. आठवीतलं एक पोरगं हरलं. मॅटवरून खाली उतरतंय तोवर बाप म्हणाला, "बास झाली कुस्ती. उद्यापासून क्लासला जायचं." पोरगं काहीच बोललं नाही. मला मात्र घरी येईपर्यंत खाशाबा आठवत राहिले.

खाशाबा जाधव म्हटलं की आपल्याला हेलसिंकी आठवतं. १९५२ चं ऑलिम्पिक, ५७ किलो गट, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कराडहून गोळेश्वरला निघालेली शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. हे आपल्या भागात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

पण त्याआधी १९४८ चं लंडन होतं. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं खाशाबा तिथं पोचले तेव्हा वय २२. अंग सगळं तांबड्या मातीत तयार झालेलं. मातीतली कुस्ती म्हणजे चितपट होईपर्यंत झुंज. तिथं मात्र पायाखाली मॅट, डोक्यावर घड्याळ आणि नियम सगळे परके. फ्लायवेट गटात सहावा नंबर आला.

विचार करा, सहाव्या नंबरला कोण मिरवणूक काढतो? तिथंच थांबले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण आपण कुठं कमी पडलो हे त्यांना लंडनमध्येच नीट कळलं होतं. पुढची चार वर्षं त्यावर मेहनत केली, आणि वरच्या वजनगटात उतरले.

हेलसिंकीला जायला पुन्हा पैशाची अडचण. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदकाची खात्री कुणी दिली होती त्यांना? त्यांनी पोराची जिद्द बघितली होती.

तिथं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत मल्लाकडून हरले. म्हणजे ज्या स्पर्धेनं त्यांना अमर केलं, तिच्यातही पराभव होतेच.

पुढं १९५५ ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, इमानदारीत नोकरी केली. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. उशीर आपल्याकडून झाला, त्यांच्याकडून नाही.

आता साधा हिशेब. त्यांच्यानंतर देशाला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, १९९६ ला पेसमुळं. महाराष्ट्राला तर ७२ वर्षं, २०२४ ला स्वप्नील कुसाळेमुळं. पदकावरच मोजायचं ठरवलं तर मधल्या काळात आखाड्यात घाम गाळलेली लाखो पोरं वायाच गेली म्हणायची! तसं नाही ना? हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून परत लंगोट बांधायचा, हे त्या पोरांना जन्मभर पुरलं. नोकरीत, शेतीत, संसारात.

त्या बापाला एवढंच सांगणं आहे. दादा, क्लास जरूर लावा, पण पुढच्या वर्षी पोराला परत मॅटवर आणा. बातमी करायला मी येणारच आहे. सहावा आला तरी नाव छापीन.