स्कूबा रेग्युलेटर

स्कूबा रेग्युलेटर हे पाणबुड्याच्या पाठीवरील सिलिंडरमधील उच्च दाबाची हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून, श्वास ओढताच पुरविणारे उपकरण आहे. त्याचा आधुनिक नमुना १९४३ साली जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये सिद्ध केला. युद्धकाळात मोटारींना वायुरूप इंधन पुरविण्यासाठी गान्यां यांनी तयार केलेली झडप त्याच्या मुळाशी होती.

रचना आणि कार्य

रेग्युलेटरचे दोन टप्पे असतात. सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा पहिला टप्पा सुमारे २०० बार दाबाची हवा भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ८ ते १० बार अधिक इतक्या दाबावर आणतो. नळीने जोडलेला व तोंडात धरावयाचा दुसरा टप्पा ती श्वसनयोग्य करतो. समुद्रात १० मीटर खोलीवर एकूण दाब २ बार, तर ३० मीटरवर ४ बार असतो. त्या प्रमाणात प्रत्येक श्वासाला अधिक हवा लागते. संतुलित रचनेच्या पहिल्या टप्प्यात सिलिंडर रिकामा होत आला तरी श्वास ओढण्यास लागणारे श्रम फारसे वाढत नाहीत.

पहिला टप्पा दट्ट्याचा किंवा पडद्याचा असतो. दट्ट्याच्या साध्या रचनेत भाग थोडे आणि दुरुस्ती सोपी असते, परंतु बाहेरचे पाणी स्प्रिंग व दट्ट्यापर्यंत पोहोचते. पडद्याच्या रचनेत झडप पाण्यापासून अलग राहते. बाहेरच्या बाजूस आणखी एक पडदा बसविल्यास स्प्रिंगही कोरडी राहते. अशा रेग्युलेटरला बंदिस्त रेग्युलेटर म्हणता येईल. पाण्यानुसार निवड करताना हाच फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

थंड पाणी

दाब एकाएकी उतरताना हवा थंड होते. पाणी आधीच गार असेल तर पहिल्या टप्प्याभोवती बर्फ धरते, झडप मिटत नाही आणि हवा अखंड वाहू लागते. या प्रवाहाने गारठा आणखी वाढतो व सिलिंडर काही मिनिटांत रिता होऊ शकतो. युरोपीय मानक ईएन २५० नुसार १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यासाठीच्या रेग्युलेटरची वेगळी चाचणी घेतली जाते. हिमालयातील सरोवरांत हा निकष पाळणे अनिवार्य मानावे. महाराष्ट्रात मात्र केवळ त्यासाठी महाग उपकरण घेण्याचे कारण नाही.

कोकण किनारा

मालवण, तारकर्ली परिसरात समुद्राचे पाणी उबदार असते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. येथे गारठ्यापेक्षा मीठ आणि वाळू यांचा उपद्रव अधिक. रोज अनेक पर्यटकांनी वापरावयाच्या उपकरणासाठी साधी, टिकाऊ आणि सुटे भाग सहज मिळतील अशी रचना सोयीची ठरते.

विहिरी आणि जलाशय

बीड तालुक्यातील चौसाळ्यासारख्या अवर्षणप्रवण भागात पाणबुड्याचे काम पर्यटनाचे नसून बहुधा शोधकार्याचे असते. विहिरी, पाझर तलाव आणि बिंदुसरा, माजलगाव यांसारख्या धरणांच्या गढूळ पाण्यात अनेकदा हाताच्या अंतरावरचेही दिसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या व्यक्तीचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातील एका जवानाचाही मृत्यू झाला.

अशा पाण्यासाठी बंदिस्त पडद्याचा पहिला टप्पा श्रेयस्कर असतो, कारण बारीक गाळ दट्ट्याच्या रबरी कड्यांशी साचून हालचाल अडवू शकतो. दुसऱ्या टप्प्याच्या उच्छ्वास-झडपेत काडी किंवा वाळूचा कण अडकला तर ती पूर्ण मिटत नाही आणि हवेबरोबर पाणी तोंडात येते. जाळी व झुडपांत अडकू नयेत म्हणून नळ्या अंगालगत बांधाव्या लागतात. सिलिंडरला आट्यांनी बसणारी डिन पद्धतीची जोडणी चिमट्याच्या जोडणीपेक्षा आटोपशीर असल्याने येथे उपयुक्त ठरते. राखीव दुसरा टप्पा आवश्यकच असतो. तथापि पहिला टप्पाच बिघडल्यास तो निरुपयोगी होतो, म्हणून शोधकार्यात स्वतंत्र रेग्युलेटर असलेला छोटा सिलिंडरही बाळगतात. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तोंडात धरावयाच्या रेग्युलेटरऐवजी संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा वापरतात.

खोल विहिरीत पाण्याच्या वर विषारी किंवा प्राणवायूची उणीव असलेली हवा साचलेली असू शकते. त्यामुळे पृष्ठभागावर आल्यावरही रेग्युलेटर तोंडातून काढणे धोक्याचे असते.

मराठवाड्याच्या पठारावरील बहुतेक जलाशय समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंच आहेत. रेग्युलेटर तेथील दाबाशी आपोआप जुळवून घेतो. समुद्रासाठी केलेली खोली-वेळेची कोष्टके मात्र जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

निगा

प्रत्येक वापरानंतर पहिल्या टप्प्याचे तोंड कोरड्या टोपणाने बंद करून रेग्युलेटर स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवून धुतात. त्या वेळी दुसऱ्या टप्प्यावरील हवा सोडण्याचे बटण दाबल्यास पाणी नळीवाटे आत शिरते. गाळात वापरलेल्या उपकरणाची उच्छ्वास-झडप उघडून पाहणे इष्ट असते. उत्पादकाने ठरविलेल्या मुदतीत, अनेकदा वर्षातून एकदा, प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. अशी सोय किनाऱ्यापासून दूरच्या जिल्ह्यांत क्वचितच जवळ असते. खरेदीपूर्वी त्याचाही विचार करावा लागतो.