गिलानुपट्ठाकाची कसोटी : विनयातील पाच गुण आणि मरणासन्नाची शुश्रूषा

गेल्या वर्षावासात प्रवचनाच्या निमित्ताने आलापल्ली येथे जाण्याचा योग आला. अहेरी तालुक्यातील हे गाव सागवानासाठी प्रसिद्ध आहे. भामरागड-हेमलकशाकडे जाणारा रस्ता येथूनच जंगलात शिरतो. प्रवचन आटोपल्यावर एक उपासिका मागे थांबल्या. त्यांच्या पतींना तोंडाचा कर्करोग झालेला. (या भागात खर्रा किती खाल्ला जातो हे वाचकांस सांगावयास नको.) नागपूरच्या डॉक्टरांनी, आता उपचारांचा उपयोग नाही, घरी न्या, असे सांगितले होते. अशा रुग्णांना शेवटपर्यंत ठेवून घेणारी एक संस्था शहरात आहे, असे त्यांच्या कानी आले होते. त्यांनी विचारले, "सर, ती संस्था चांगली की वाईट हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? कागदावर तर सगळ्यांचंच चांगलं लिहिलेलं असतं."

आम्ही त्या वेळी काहीतरी मोघम बोललो. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न पाठ सोडीना, कारण या प्रश्नाचे उत्तर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. केवळ ते या प्रश्नाचे उत्तर आहे हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खन्धक नावाचा आठवा खंधक आहे. त्यात पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा येते. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. भगवान आनंदासह निवासस्थाने पाहत फिरत असता तेथे आले. त्यांनी प्रथम त्या आजारी भिक्खूलाच विचारले : तुला काय होते आहे, तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय, नसल्यास का नाही? भिक्खूचे उत्तर मर्मभेदी आहे. मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत, असे तो सांगतो. आनंदाने पाणी आणले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. भगवंतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतरच संघ बोलाविण्यात आला आणि ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, या आशयाचा तो सुप्रसिद्ध उपदेश झाला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भगवंतांच्या रुग्णचिंतेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, हे आपणांस ठाऊक आहेच.

ही कथा विहाराविहारांतून सांगितली जाते. तिच्यापुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. तो नियमांचा भाग आहे आणि नियम प्रवचनात रंगत नाहीत. उपाध्याय असेल तर त्याने, नसेल तर आचार्याने, तोही नसेल तर शिष्याने, सहनिवाशाने, आणि कोणीच नसेल तर संघाने रुग्णाची यावज्जीव सेवा करावी. न केल्यास दुक्कटाचा दोष लागतो, असे तेथे सांगितले आहे. 'यावज्जीव' हा शब्द महत्त्वाचा आहे. रोग बरा होण्याची वाट पाहावयाची, परंतु कर्तव्याची मर्यादा बरे होणे ही नाही. जीव असेतो ती मर्यादा आहे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात रुग्णांचे तीन प्रकार सांगितले आहेत : औषध मिळो न मिळो बरा होणारा, औषध मिळो न मिळो बरा न होणारा, आणि औषध मिळाले तरच बरा होणारा. उपचारांची व्यवस्था तिसऱ्यासाठी आहे, परंतु तिच्यामुळेच पहिल्या दोघांचीही शुश्रूषा झाली पाहिजे, असा तेथील निष्कर्ष आहे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णास टाकून देण्याची मुभा शास्त्याने दिलेली नाही. ज्यांना 'घरी न्या' असे सांगितले जाते, ते सर्व या दुसऱ्या प्रकारात येतात.

वैशालीच्या महावनात गिलानसाला, म्हणजे रुग्णांची शाळा होती आणि भगवान सायंकाळी तेथे जात, असे संयुत्त निकायात आढळते. पाचव्या शतकाच्या आरंभी पाटलिपुत्रास आलेल्या फाहियानने गृहस्थांनी चालविलेल्या धर्मार्थ रुग्णालयांचे वर्णन केले आहे. श्रीलंकेत मिहिंतले येथे विहाराच्या रुग्णालयाचे अवशेष व औषधी स्नानाची पाषाणी द्रोणी आजही पाहावयास मिळते. सातव्या शतकातील चिनी विनयाचार्य ताओ-श्वान याने जेतवनाच्या वायव्य कोपऱ्यात मरणासन्न भिक्खूंसाठी 'अनित्यतेचे दालन' होते असे नोंदविले आहे. तथापि तो स्वतः भारतात आलेला नव्हता, त्यामुळे जेतवनाचा पुरावा म्हणून ही नोंद जपूनच वापरली पाहिजे. आधुनिक हॉस्पिसचा आरंभ लंडनमध्ये १९६७ साली डॉ. सिसिली सॉन्डर्स यांच्या सेंट ख्रिस्तोफर्स संस्थेने झाला असे मानतात. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू केले. पुण्यात सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र १९९७ मध्ये उभे राहिले. तरीही २०१५ साली इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने मरणकाळच्या सेवेच्या दर्जावरून ८० देशांची क्रमवारी लावली, तेव्हा भारत ६७ वा आला. २०१० च्या पाहणीत ४० देशांत तो ४० वा होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याच खंधकात योग्य गिलानुपट्ठाकाचे, म्हणजे रुग्णसेवकाचे, पाच गुण दिले आहेत. तो औषध तयार करण्यास समर्थ असतो. पथ्य व अपथ्य जाणून अपथ्य दूर सारतो आणि पथ्य जवळ आणतो. आमिषासाठी नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा करतो. मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस वाटत नाही. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला प्रसन्न करण्यास तो समर्थ असतो. हे गुण व्यक्तीचे म्हणून सांगितले असले तरी संस्थेलाही लावता येतात, असे आमचे मत आहे. पण ते लावताना प्रत्येकाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो.

औषधाचा गुण पहिला ठेवला आहे, धम्मकथेचा शेवटचा. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. वेदनेने तळमळणाऱ्यापुढे प्रवचन करणे ही शुश्रूषा नव्हे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे मान्यताप्राप्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची पायरीवार पद्धत १९८६ मध्येच मांडली. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे अतिशय दुष्कर झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ सुकर केली. म्हणून संस्थेस पहिला प्रश्न असा विचारावा : मॉर्फिन ठेवण्याची परवानगी तुमच्याकडे आहे काय, आणि रात्री दोन वाजता ते कोण देते?

काही उपासक येथे अडखळतात. मॉर्फिन म्हणजे नशा, नशा म्हणजे पाचव्या शीलाचा भंग, असे त्यांना वाटते. दुःख सोसावे, कारण जीवन दुःखमय आहे, असेही आम्ही ऐकले आहे. विनयाची दृष्टी अशी नाही. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात पिलिंदवच्छ थेरांच्या वातविकारासाठी मद्य घालून कढविलेल्या तेलाची अनुज्ञा आहे. मद्याचा रंग, वास, चव जाणवू नये इतकीच अट आहे. औषध आणि व्यसन यांतील भेद भगवंतांनी स्वतः केला आहे. सहनशीलता हा चांगल्या रुग्णाचा एक गुण म्हणून सांगितला आहे हे खरे, परंतु तो रुग्णाचा गुण आहे. औषध न देणाऱ्याची ती सबब नव्हे. दुसऱ्या टोकाचाही विचार विनयात आहे. करुणेपोटी आजारी भिक्खूपुढे मरणाची स्तुती करणारे भिक्खू तिसऱ्या पाराजिकाचे दोषी ठरले. वेदना शमविणे वेगळे आणि मरण घडविणे वेगळे. चांगली संस्था ही रेषा जाणते व कुटुंबास ती स्पष्ट करून सांगते.

आमिषाच्या बाबतीत गैरसमज नको. पगार घेणारी परिचारिका या कसोटीत नापास होत नाही. दिवंगत भिक्खूचे पात्र व चीवर त्याच्या सेवकांना द्यावे, कारण ते फार उपकारक असतात, असा नियम याच खंधकात आहे. शिवाय विशाखेने जे आठ वर मागितले त्यांत रुग्णाच्या भोजनाबरोबर रुग्णसेवकाच्या भोजनाचाही वर आहे. तिचे कारण अगदी व्यवहारी होते : सेवक स्वतःच्या भिक्षेसाठी गेला तर रुग्णाचे अन्न उशिरा येईल. अडीच हजार वर्षांपूर्वी एका गृहिणीने हे ओळखले होते. ज्या संस्थेत सेवकाला जेवायला सवड नाही, ती संस्था रुग्णाची काळजी घेऊ शकत नाही.

आणि आता तो चौथा गुण. आपल्या समाजाच्या दृष्टीने हाच सर्वांत अवघड आहे. घाण उचलताना किळस न वाटणे हा सद्गुण म्हणून सांगताना आमची जीभ क्षणभर अडखळते. आपल्या वाडवडिलांनी गावाची घाण आणि मेलेली ढोरे पिढ्यान्‌पिढ्या उचलली ती मैत्रीचित्ताने नव्हे, सक्तीने. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ती कामे टाकून द्यावयास सांगितले. मग तेच काम पुन्हा गुण म्हणून कसे मांडावयाचे? उत्तर कथेतच आहे. पाणी शास्त्याने ओतले. नियमात पहिले नाव उपाध्यायाचे आहे. विनयाने मलमूत्र उचलण्याचे काम खालच्यावर ढकलले नाही, वरच्यावर टाकले. तेव्हा संस्थेत गेल्यावर बेडपॅन कोण उचलतो हे पाहावे. ते काम कंत्राटावर आणलेल्या एकाच जातीच्या बायकांकडे असेल आणि धम्मकथा, भजन वा समुपदेशन दुसऱ्यांकडे असेल, तर भिंतीवर कोणाचीही तसबीर असो, ती संस्था या कसोटीस उतरत नाही. हे आपल्या स्वतःच्या संस्थांनाही लागू आहे. किळस जिंकणे सोपे नाही, हे चंद्रपूरच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. वरोऱ्याच्या गटारात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णास पाहून बाबा आमटे आधी पळाले आणि मग परतले. हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितले आहे.

धम्मकथेविषयी थोडक्यात. मरणासन्न अनाथपिंडिकास सारिपुत्तांनी अनासक्तीचा जो उपदेश केला, तसा उपदेश गृहस्थांना पूर्वी मिळत नव्हता म्हणून त्याचे डोळे भरून आले, असे मज्झिम निकायात आहे. महानामास भगवंतांनी सांगितलेली पद्धतही पाहण्यासारखी आहे : आजारी उपासकाला आधी आईवडिलांची चिंता आहे काय हे विचारावे, मग बायकामुलांची. नकुलमातेने आजारी पतीस, मी सूत कातून मुलांना पोशीन, निश्चिंत राहा, असे सांगितले. तो बरा झाला. सॉन्डर्स यांनी शरीर, मन, नाती आणि श्रद्धा या सर्वांना व्यापणाऱ्या 'संपूर्ण वेदने'ची कल्पना मांडली, ती याहून फार दूर नाही.

दर्जा ठरविताना साक्ष कोणाची घ्यावयाची? भगवंतांनी संघाला विचारण्यापूर्वी रुग्णाला विचारले. आपल्या इतिहासातील एक कटू गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. सविता आंबेडकर व डॉ. मालवणकर यांच्या शुश्रूषेने आपले आयुष्य वाढले, अशी कृतज्ञता नोंदविली आहे. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही. पुढे १९८० मध्ये भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. मधल्या काळात माईसाहेबांवर समाजाने किती संशय घेतला हे सर्वज्ञात आहे. रुग्णाची स्वतःची साक्ष लिखित स्वरूपात असताना ती वाचकांपुढे नव्हती.

आश्विनात आम्ही पुन्हा आलापल्लीस गेलो. त्या उपासिका संस्था पाहून आल्या होत्या. दालन स्वच्छ होते, देणगीदारांची पाटी मोठी होती. रात्री यांना कुशीवर कोण वळवील, असे त्यांनी विचारले, तेव्हा रात्री घरचे माणूस ठेवावे लागेल असे उत्तर मिळाले. त्या परत आल्या. केरळात कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन सेवा करू लागले, त्याची माहिती आम्ही विहार समितीस आधीच कळविली होती. गडचिरोली शंभरावर किलोमीटर आणि नागपूर त्याच्याही पुढे. पतीच्या गोळ्या आणण्यासाठी महिन्यातून एकदा कोणीतरी नागपूरला जात होते. पतींना आपल्या आजाराचे नाव ठाऊक होते. विहारात एक वही ठेवली होती. तिच्यात रात्रीच्या पाळ्या लिहिलेल्या, पहिली पाळी समितीच्या अध्यक्षांची. महिला मंडळाकडून रोज एक डबा जात असे. रुग्णाला नळीतून पातळ अन्न द्यावे लागे. डबा त्या उपासिकेसाठी होता.