मुंबई उपनगरांतील गडगडाटी वादळे

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इ. उपनगरांत मॉन्सूनपूर्व काळात (एप्रिल-मे) आणि मॉन्सूनच्या माघारीच्या वेळी (सप्टेंबरअखेर व ऑक्टोबर) होणारी, विजा, जोरदार सरी व सोसाट्याचा वारा यांनी युक्त अशी अल्पकालीन वादळे. यांपैकी शरद ऋतूतील वादळी सरी हस्त नक्षत्राचा ‘हत्तीचा पाऊस’ किंवा ‘परतीचा पाऊस’ म्हणून परिचित आहेत.

मुंबईतून मॉन्सून सामान्यतः ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. या काळात आकाश निवळून जमीन तापते. हवेत बाष्प मात्र विपुल असते. दुपारी सह्याद्रीच्या परिसरात गर्जन्मेघ तयार होतात व पूर्वेकडील वाऱ्यांबरोबर सायंकाळी किनाऱ्याकडे सरकतात. पावसाच्या थेंबांचे अंशतः बाष्पीभवन झाल्याने थंड व जड झालेली हवा वेगाने खाली येऊन जमिनीलगत पसरते. हानी होते ती मुख्यतः या वाऱ्याने. घूर्णवाती वादळाप्रमाणे (टॉर्नेडोप्रमाणे) तो स्वतःभोवती फिरत नाही.

चक्रवाताहूनही ही वादळे भिन्न होत. नोव्हेंबर १९४८ मधील चक्रवात व ११ नोव्हेंबर २००९ चा ‘फयान’ यांचा प्रभाव विस्तीर्ण प्रदेशावर होता. चक्रवाताची सूचना काही दिवस आधी देता येते. गर्जन्मेघ तास-दोन तासांत वाढतो व थोड्याच भागाला तडाखा देतो. कुलाबा वेधशाळा (स्थापना १८२६) शहराच्या दक्षिण टोकाला असल्याने उपनगरांसाठी सांताक्रूझ येथील नोंदी महत्त्वाच्या ठरतात. २०२२ मध्ये वेरावली येथे डॉप्लर रडार कार्यान्वित झाले.

बृहन्मुंबईची हद्द १९५० व १९५७ मध्ये वाढून उपनगरे तीत समाविष्ट झाली. भातशेती व मिठागरे यांच्या जागी दाट वस्ती आली, तशी वाऱ्याने होणारी हानीही वाढली. मॉन्सूनपूर्व वादळाचे उदाहरण १३ मे २०२४ चे आहे. त्या दिवशी धुळीच्या वादळात घाटकोपरच्या छेडानगर येथील सु. १२० × १२० फुटांचा जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले व सत्तरांहून अधिक जखमी झाले. महानगरपालिकेची कमाल मर्यादा ४० × ४० फूट होती. फलक मात्र लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवर होता. चौकशीसाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमण्यात आली. अशा वादळांची पूर्वसूचना अल्पावधीचीच असल्याने फलक, छपरे व वृक्ष यांची ऋतुपूर्व तपासणी हाच बचावाचा प्रमुख उपाय ठरतो.