नामबाहुल्य आणि इतिहाससंशोधन
(साष्टीच्या लेखांवरून एक विचार)

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, हल्लीं मुलांच्या नांवांविषयीं एक तक्रार ऐकूं येते. आरव, विहान, आर्यन, अनन्या अशीं थोडींच नांवें पुष्कळांस प्रिय झाल्यामुळें एकाच वर्गांत त्याच नांवाचीं दोन-दोन, तीन-तीन मुलें आढळतात, व एका व्यक्तीस दुसरीपासून वेगळें दाखविणें हा नांवाचा मूळ हेतूच नष्ट होतो, असें कित्येकांचें म्हणणें आहे. उलटपक्षीं, दुसऱ्यांसही आवडतें एवढ्याच कारणास्तव आपणांस आवडलेलें नांव कां सोडावें, असें विचारणारेही आहेत. हा वाद वरवर घरगुती दिसतो. परंतु जुने लेख वाचणारांस व दप्तरें चाळणारांस तो परका नाहीं. नामबाहुल्यानें इतिहासांत जे घोटाळे माजले, ते निस्तरण्यांत संशोधकांचे फार श्रम खर्चीं पडले आहेत. या प्रदेशाच्या, म्हणजे जुन्या साष्टीच्या, लेखांवरून व त्यांस लागून असलेल्या मराठी कागदपत्रांवरून या वादाचा निवाडा काय होतो, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. आरंभ बोरिवलीजवळील कान्हेरीच्या लेण्यांपासून करणें योग्य. सातवाहन कुळांत ‘सातकर्णि’ हें नांव अतोनात चाललें. नाणेघाटांत नागनिकेबरोबर एक सातकर्णि आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णि आहे. आणि कान्हेरीस दोन निराळे सातकर्णि भेटतात. पहिला वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णि; याची राणी कार्दमक कुळांतील असून महाक्षत्रपाची कन्या होती, असें तेथील पाण्याच्या पोढीवरील लेखावरून कळतें. दुसरा गौतमीपुत्र श्रीयज्ञ सातकर्णि. येथें मातेचें नांव हें केवळ आदराचें चिन्ह नव्हे. समान नांवाच्या राजांत भेद दाखविण्याचें तें साधन होऊन बसलें आहे. परंतु ‘गौतमीपुत्र’ हें विशेषणही दोघांस लागल्यावर तेवढ्यानें भागेना, तेव्हां ‘यज्ञ’ हें तिसरें पद उपयोगीं पडलें.

हीं पदें गळलीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण जुनागडच्या लेखांत आहे. इ. स. १५० च्या सुमाराच्या त्या लेखांत महाक्षत्रप रुद्रदामन् यानें दक्षिणापथाच्या सातकर्णीस दोनदां जिंकल्याचें, पण जवळचा संबंध असल्यामुळें त्याचा उच्छेद न केल्याचें, सांगितलें आहे. त्या सातकर्णीच्या मातेचें नांव मात्र तेथें नाहीं. एवढ्या एका पदाच्या अभावामुळें हा सातकर्णि कोणता, याविषयीं विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला. आणि त्या वादांत जो पुरावा पुढें आला त्यांत कान्हेरीच्या पोढीवरील तो लहानसा लेख प्रमुख आहे. राजांनीं विजयप्रशस्ति कोरविल्या. त्यांतील शंकेवर प्रकाश पडला तो एका अमात्यानें दिलेल्या पाण्याच्या दानानें.

सामान्य दात्यांची रीतही अशीच होती. कान्हेरीचे दाते आपलें नुसतें नांव कोरवीत नाहींत. कोणी आपणांस सोपाऱ्याचा मणिकार म्हणवितो, कोणी कल्याणचा सोनार, कोणी तेथीलच लोहार. पुढें पिता, माता, भार्या, पुत्र यांचा उल्लेख येतो. नांव, गांव, धंदा व नातें या चार खुंट्यांवर मनुष्य पक्का केलेला असतो.

२. यानंतर शिलाहारांकडे वळूं. उत्तर कोंकणच्या या घराण्यांत पहिला कपर्दी, त्याचा पुत्र पुल्लशक्ति व पुल्लशक्तीचा पुत्र पुन्हां कपर्दी, असा क्रम आहे. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची आपल्याकडील रूढि किती जुनी आहे, हें यावरून दिसतें. कान्हेरीचे शके ७७५ व शके ७९९ चे लेख या दुसऱ्या कपर्दीच्या कारकीर्दींतील होत. त्यांत राष्ट्रकूट सम्राट् अमोघवर्ष याचें नांव आहे. पण अमोघवर्षही एक नव्हे, तीन होऊन गेले! येथें शककाल दिलेला आहे म्हणून गोंधळ होत नाहीं. शकाचे अंक झडले असते, तर ‘अमोघवर्षाच्या राज्यांत कपर्दी’ एवढ्यावरून निश्चित निर्णय करणें किती कठीण झालें असतें, याचा वाचकांनींच विचार करावा. उलट पुल्लशक्ति हें नांव विरळा; त्याच्याविषयीं असा संशय उद्भवत नाहीं.

याच घराण्यांत पुढें दोन अपरादित्य झाले. मुंबईस परळ येथें सांपडलेला शके ११०८ चा शिलालेख दुसऱ्याचा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील सुप्रसिद्ध ‘अपरार्क’ टीका शिलाहार अपरादित्याच्या नांवावर आहे. पण पहिल्या कीं दुसऱ्या, हा प्रश्न केवळ नामसाम्यामुळें उत्पन्न झाला. टीकेच्या अंतरंगाची व इतर ग्रंथांशीं तिच्या पौर्वापर्याची छाननी करून बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील पहिल्या अपरादित्याकडे तिचें कर्तृत्व देण्याकडे विद्वानांचा कल झाला. एका नांवाच्या पुनरुक्तीनें धर्मशास्त्राच्या एका प्रमाणग्रंथाचा काळ अर्ध्याअधिक शतकानें मागेंपुढें होऊं शकतो, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

३. मराठी दप्तरांत तर नामबाहुल्याची परमावधि आहे. संभाजी हें नांव शिवछत्रपतींच्या वडील बंधूंचें, पुत्राचें, व पुढें कोल्हापुरकर छत्रपतींचें. शाहू महाराजांचें जन्मनांव शिवाजी असल्याचें सांगतात, आणि राजाराम महाराजांच्या एका पुत्राचेंही तेंच. पेशव्यांकडे बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव, आणि पुढें रघुनाथरावांचे पुत्र पुन्हां बाजीराव. आडनांव या सर्वांचें एकच, तेव्हां आडनांवाचा येथें उपयोग नाहीं. भेद दाखवितें तें पित्याचें नांव. थोरले माधवराव हे ‘माधवराव बल्लाळ’, तर सवाई माधवराव हे ‘माधवराव नारायण’. शिक्क्यांत पितृनाम कोरण्याचा प्रघात संशोधकाच्या किती कामीं येतो, हें निराळें सांगावयास नको.

उपनांवांनीं तरी सुटका व्हावी, तर तीही होत नाहीं. बाळाजी बाजीराव हे नानासाहेब. बाळाजी जनार्दन भानु हे नाना फडणीस. दोघेही बाळाजी व दोघेही नाना! इ. स. १८५७ च्या धामधुमींतील नानासाहेब म्हणजे धोंडोपंत हे तिसरे. चिमाजी आप्पांची गोष्ट आमच्या प्रदेशाशीं विशेष निगडित आहे. इ. स. १७३७ त साष्टी व इ. स. १७३९ त वसई फिरंग्यांकडून घेण्याच्या मोहिमेचे नायक ते चिमाजी बल्लाळ, ते इ. स. १७४० त वारले. रघुनाथरावांचे धाकटे पुत्र चिमाजी आप्पा हे निराळे. इ. स. १७९६ त यांस सवाई माधवरावांच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवाईचीं वस्त्रें दिलीं, तेव्हां ते चिमाजी माधवराव झाले. म्हणजे पितृनाम हें भेदाचें उत्तम साधन खरें, परंतु दत्तकामुळें तेंही पालटतें. त्यांतच पुष्कळ जुन्या पत्रांवर केवळ चंद्र व महिना असतो, सालाचा उल्लेख नसतो. अशा सुट्या पत्रांत ‘आप्पा’ किंवा ‘नाना’ एवढेंच आलें, तर अक्षर, मायना व बरोबरचे कागद यांवरच भिस्त ठेवावी लागते.

४. माणसांचें तेंच गांवांचें. ‘साष्टी’ मुंबईजवळ एक व गोमंतकांत एक. दोन्ही फिरंग्यांच्या अंमलाखालीं. इ. स. १७३९ त वसईचें युद्ध चालू असतांच मराठ्यांची दुसरी फौज गोमंतकाच्या साष्टींत शिरली होती. तेव्हां त्या सालच्या पत्रांतील ‘साष्टी’ कोणती, हें प्रत्येक पत्रापुरतें ठरविलें पाहिजे. माहीमही दोन, एक मुंबईचें व एक केळव्याजवळचें. ‘महिकावतीची बखर’ वाचतांना हें ध्यानांत न ठेवणारा फसल्याशिवाय राहणार नाहीं.

फिरंगी अमदानींत साष्टींतील ज्या कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्यांत जुआंव, आंतोनियो, फ्रान्सिस्को, मारिया अशीं थोडीं नांवें व परेरा, डिसोझा अशीं थोडीं आडनांवें फार पसरलीं. अंधेरीजवळ मरोळ येथें इ. स. १५७९ त बांधलेल्या व पुढें ओस पडलेल्या देवळासारख्या स्थळांचा इतिहास जुळवितांना नांव व आडनांव दोन्ही मिळूनही व्यक्ति निश्चित होत नाहीं. गांव कळलें तरच ती होते.

स्त्रियांच्या बाबतींत अडचण दुप्पट, कारण विवाहांत नांव बदलण्याची चाल. थोरल्या माधवरावांची पत्नी रमाबाई, सवाई माधवरावांची पहिली पत्नीही रमाबाई. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. पंडिता रमाबाईंनीं इ. स. १८८२ त पुण्यास आर्य महिला समाज काढला, त्याच्या कार्यांत रानड्यांच्या रमाबाईही होत्या; तेव्हां त्या समाजाच्या कागदांत नुसतें ‘रमाबाई’ असलें तर सावध राहावें. घाटकोपरच्या वस्तीस जें रमाबाईंचें नांव आहे, तें डॉ. आंबेडकरांच्या पत्नीचें, त्या इ. स. १९३५ त निवर्तल्या.

५. आतां मूळ वादाकडे येऊं. एवढी उदाहरणें पाहिल्यावर नांव विरळाच असावें असा निर्णय निघेल असें वाटतें. पण आम्हीं तो देत नाहीं. विरळ नांवास त्याचें स्वतःचें भय आहे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं व कित्येक अक्षरें एकमेकांसारखीं दिसतात. अशा लिपींत रामजी, बाळाजी, महादाजी हीं परिचित नांवें अर्धवट अक्षरांतूनही ओळखूं येतात; अपरिचित नांव मात्र लेखक चुकवितो, नकलकार ‘सुधारतो’ व शेवटीं तें एखाद्या परिचित नांवांत विरून जातें. म्हणजे लोकप्रिय नांव वाचावयास सोपें पण ओळखावयास कठीण, आणि विरळ नांव ओळखावयास सोपें पण वाचून टिकावयास कठीण. दोष नांवाच्या लोकप्रियतेंत नाहीं. सोबतचीं पदें गाळण्यांत आहे. आपल्या धर्मशास्त्रांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम अशीं चार नांवें सांगितलीं आहेत. एका नांवावर सर्व भार टाकावा असें जुन्यांसही वाटलें नव्हतें.

या दृष्टीनें महाराष्ट्र सरकारचा इ. स. २०२४ चा निर्णय आम्हांस महत्त्वाचा वाटतो. १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतींत शासकीय कागदांत प्रथम स्वतःचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव, असा क्रम ठरला. हेतु मातेच्या सन्मानाचा. पण त्याबरोबर कान्हेरीच्या सातकर्णींची जुनी युक्तीच पुनः प्रचारांत आली आहे. बोरिवलीच्या शाळेंत चार आरव असले तरी चौघांच्या माता-पित्यांचीं नांवें एकच असण्याचा संभव थोडा. ज्या आईबापांस एखादें नांव मनापासून आवडतें, त्यांनीं तें खुशाल ठेवावें. मात्र पूर्ण नांव लिहिण्याचा आळस मुलास लावूं नये.

संग्राहक बंधूंस मात्र आमची विनंति अधिक कडक आहे. यादी करतांना कागदांत नांव जसें असेल तसेंच उतरावें. ‘बाजीराव’ दिसला कीं त्यापुढें आपल्या पदरचें ‘पेशवे’ जोडूं नये. ओळख पटली असे वाटल्यास ती निराळ्या रकान्यांत, कारणासह, लिहावी. पिता, माता, गांव, धंदा व शिक्का यांची नोंद अवश्य घ्यावी. गांव लिहितांना तालुका लिहावा, कारण अंधेरी व घाटकोपर इ. स. १९५० त, तर बोरिवली व मुलुंड इ. स. १९५७ त बृहन्मुंबईच्या हद्दींत आलीं, व त्यापूर्वींच्या नोंदी निराळ्या कचेऱ्यांच्या. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, रुमाल फोडून सुटे कागद विकूं किंवा वांटूं नयेत. बिनसालाच्या पत्रांतील ‘नाना’ कोण, हें त्याच्या शेजारचा कागद सांगतो; तो शेजार एकदां मोडला म्हणजे दोन माणसांचा एक माणूस होतो, आणि एकाचें आयुष्य इतिहासांतून कायमचें पुसलें जातें.