आधी पुढचा ॲक्सल

जुना पिकअप घेऊन तो कमी खर्चात रानवाटांसाठी तयार करायचा, हा नाद आजचा नाही. अमेरिकेत १९३५ पासून इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी फोर्डचे ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह करून देत होती. पुढे मिनियापोलिसच्या नॅपकोने शेव्हरोलेच्या पिकअपसाठी किटच काढलं: पुढचा ॲक्सल, ट्रान्सफर केस, शाफ्ट. १९५७ मध्ये शेव्हरोले तेच किट कारखान्यातून बसवून देऊ लागली. १९६० मध्ये जनरल मोटर्सने स्वतःची यंत्रणा आणली.

बजेट कसं आखायचं, ते मला या इतिहासात सापडतं. चिखलातून गाडी ओढून काढेल त्यावर पहिला पैसा. वाढवलेली उंची, टपावरचे दिवे नंतर. कच्च्या रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्याला संध्याकाळी घरी पोचायचं असे.